चार नंबरचा खड्डा

१

मंगळवारी सकाळी सव्वादहाला बस डेपोसमोर पैलवानाचा जीव गेला, आणि दुपारी दोन वाजेपर्यंत त्याचा दोष कानवाल्यांच्या बायकोवर आला. बायको जाऊन तेव्हा सात आठवडे झाले होते.

पैलवान हा नावाचाच पैलवान. अंगाने काडी. रस्ता न फोडता जमिनीखालून आडवं भोक पाडायचं आणि त्यातून पाइप ओढून घ्यायचा, असं काम करणाऱ्या यंत्रावर तो चौदा वर्षं होता. त्या सकाळी यंत्राचं टोक जमिनीखाली एका विजेच्या मोठ्या केबलमध्ये घुसलं. पैलवान यंत्रावरच बसून राहिला असता तर कदाचित वाचला असता. पण घाबरलेला माणूस आधी उतरतो. एक पाय जमिनीवर आणि हात अजून लोखंडी दांडीवर, तेवढ्यात सगळं संपलं.

त्या जागी केबल आहे हे कागदावर कुठेच नव्हतं. आणि कागद कानवाल्यांच्या बायकोने केले होते.

हे त्यांना कळलं ते पैलवानाच्या बहिणीकडून. संध्याकाळी ती दारात उभी राहिली. चाळिशीची बाई, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. घाईत निघालेली दिसत होती.

"ऑफिसातून पत्ता घेतला," ती म्हणाली. "भांडायला आले नाही. एकच विचारायचं होतं."

"आत या."

"नको. तुमच्या बायकोने खड्डा न बघताच लिहिलं का? एवढंच सांगा. मेलेल्या माणसावर मला राग धरायचा नाही. पण कोणावर धरायचा तेही कळत नाही."

तिच्यामागे जिन्यावरचा दिवा लागत होता, विझत होता.

"शोधतो आणि सांगतो," ते म्हणाले.

तिने घराचा पत्ता एका कागदावर लिहून दिला आणि ती खाली उतरली.

२

कानवाले हे नाव त्यांना पाणीपुरवठ्यात पडलं. बत्तीस वर्षं ते रस्त्यावर लोखंडी कांडी टेकवायचे, दुसरं टोक कानाला लावायचे आणि खाली पाइप कुठे गळतोय ते ऐकायचे. बायको चेष्टेने म्हणायची, "रस्त्याचं सगळं ऐकू येतं, घरातलं तेवढं ऐकू येत नाही."

तिचं काम त्याच जमिनीचं, पण वेगळं. ड्रिलिंगवाल्यांकडून कोटेशन मागवायच्या आधी त्यांना सगळी माहिती द्यावी लागते. लांबी किती, पाइप केवढा, माती कसली, यंत्र कुठे उभं राहणार आणि खालून दुसऱ्या कुणाच्या लाइनी गेल्या आहेत. नकाशे जुने असतात, त्यांच्यावर विसंबता येत नाही. म्हणून मोक्याच्या जागी चाचणीचे खड्डे हाताने खणायचे, आत उतरून बघायचं, फोटो काढायचा. प्रत्येक खड्ड्याचं एक पान. ती याला जमिनीची कुंडली म्हणायची. "कुंडली चुकली तर लग्न मोडतं," ती म्हणायची, "ही चुकली तर माणूस मोडतो."

बुधवारी सकाळी ते तिच्या ऑफिसात गेले. तिच्या साहेबांनी त्यांना बसवलं आणि पाणी दिलं. साहेबांचे बूट नेहमीसारखे चकचकीत होते. त्यांना माती लागलेली आजवर कोणी पाहिली नव्हती.

"काका, तुम्हाला त्रास द्यायची इच्छा नव्हती," साहेब म्हणाले. "शुक्रवारी चौकशी अधिकारी येणार आहेत. मला खरं तेच सांगावं लागेल."

"खरं काय आहे?"

साहेबांनी फाईल उघडली. सात खड्डे, सात पानं. चौथं पान त्यांनी पुढे सरकवलं. खड्डा चार, डेपोच्या फाटकासमोर. पिवळा मुरूम. दोन मीटरपर्यंत कोणतीही लाइन नाही. वर फोटो होता: खड्डा, त्यात उभी मोजकाठी, तोंडावर आडवी ताणलेली दोरी आणि कडेला टेकवलेली चार आकड्याची पाटी.

"ताई फार आजारी होत्या," साहेब म्हणाले. "हे बघा. दोरी काठीच्या कितव्या खुणेवर आहे? दोन मीटर वीस. आणि पानावर लिहिलंय दोन मीटर. समोरचा आकडासुद्धा नीट उतरवता येत नव्हता. माझीच चूक झाली. मी त्यांना आधीच घरी बसवायला हवं होतं."

कानवाल्यांनी फोटो जवळ धरला.

वीसचा फरक चूक नव्हता. बायकोच्या मोजकाठीचं खालचं टोक पाच वर्षांपूर्वी कुजलं होतं. कानवाल्यांनी स्वतः करवत घेऊन ते वीस सेंटिमीटर कापून टाकलं होतं. नवी काठी घे म्हटलं तर ती म्हणाली, "हिच्याशी माझं जमतं. वीस वजा केले की झालं." तेव्हापासून ती काठीवर दोनशे वीस वाचायची आणि पानावर दोनशे लिहायची. कुठल्याही नव्या माणसाने जे दिसलं तेच लिहिलं असतं.

म्हणजे काठी तिची होती, हिशोबही तिचा होता. पान तिनेच लिहिलं होतं असं दिसत होतं.

"फाईलची एक प्रत मिळेल?" त्यांनी विचारलं.

३

डेपोसमोर अर्धा रस्ता बंद होता. केबल जोडण्यासाठी वीजवाल्यांनी भलामोठा खड्डा खणला होता. कानवाले कठड्यापाशी उभे राहिले आणि सवयीने आधी माती बघितली.

माती काळी होती. कोळशाची राख, विटांचे तुकडे, काचा. कधीकाळी इथे भट्टी असावी आणि नंतर भर घालून जागा सपाट केली असावी. वरपासून खालपर्यंत हेच होतं. मुरुमाचा कणही नव्हता.

त्यांनी पिशवीतून चौथं पान काढलं. फोटोत पिवळा मुरूम होता, सुरीने कापल्यासारखा स्वच्छ.

हा फोटो इथला नव्हताच.

त्यांनी बाकीची पानं चाळली. पाचवा खड्डा सत्तर मीटर पुढे, गोदामाच्या भिंतीशी होता. पाचव्या फोटोतही पिवळा मुरूम होता आणि डाव्या बाजूला, हातभर खाली, एक दगड बाहेर आला होता. दगडावर पांढरी शीर होती. चौथ्या फोटोत तोच दगड उजवीकडे होता, शीर तीच. एकच खड्डा दोन बाजूंनी दाखवून दोन पाट्या लावल्या होत्या.

कानवाले फुटपाथच्या कडेवर बसले. आजारी माणसाच्या हातून आकडा चुकतो, तो माफ करता येतो. पण एका खड्ड्याचे दोन खड्डे चुकून होत नाहीत.

"ताईंचे मिस्टर ना?" मागून आवाज आला. ड्रिलिंगचा ठेकेदार होता, पैलवानाचा मालक. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. "कशाला आलात इथे? उकरून काय मिळणार?"

"जन्मभर रस्तेच उकरले. दुसरं येत नाही मला."

ठेकेदार हसला नाही, पण शेजारी बसला. "आमच्या यंत्राला डोळे नसतात, काका. तुम्ही कागदावर दाखवाल तेवढंच आम्हाला दिसतं. मी दोन मीटर मोकळं आहे असं वाचलं आणि पावणेदोनवरून टोक घातलं. केबल तिथेच होती."

"पान बघून शंका नाही आली?"

"नाही."

फार पटकन आलं ते नाही. गळणारा पाइप असाच असतो, विचारलेल्या जागी गप्प आणि दोन हात पलीकडे सूं करतो. कानवाल्यांनी पुढे काही विचारलं नाही. नुसते बसून राहिले. डेपोतून एक बस निघाली, मग दुसरी.

तिसरी बस गेल्यावर ठेकेदार उठला. आपल्या गाडीतून त्याने एक घडी केलेला कागद आणला.

"हा दाखवला तर मीही अडकतो," तो म्हणाला. "पण पैलवान चौदा वर्षं माझ्या डब्यात जेवला. घ्या."

४

तो कागद म्हणजे फाईलमधलं चौथं पान होतं, पण दुसरंच. फोटोची जागा कोरी. माती, कोरी. खोली, कोरी. खाली बायकोच्या अक्षरात दोन ओळी: "चार नंबर बाकी. डेपो फाटक अडवू देत नाही. खड्डा झाल्याशिवाय दर काढू नये."

कानवाल्यांनी ते अक्षर बराच वेळ बघितलं. सात आठवड्यांत तिने लिहिलेलं नवीन असं काही त्यांच्या हाती आलं नव्हतं.

"पहिल्यांदा फाईल आली त्यात हे पान होतं," ठेकेदार म्हणाला. "मी परत कळवलं, पान भरून द्या, नाहीतर कोटेशन देणार नाही. चार दिवसांनी भरलेलं पान आलं. मी बदलून टाकलं आणि हे ठेवून दिलं."

"भरलेल्या पानावर तारीख बुधवारची आहे. पाचव्या खड्ड्याच्या दिवशीची. तुम्ही मागितलं त्याच्या आधीची."

"दिसलं मला."

"आणि गप्प बसलात."

"बसलो." ठेकेदाराने मान खाली घातली. "काम हातचं गेलं असतं."

घरी येऊन कानवाल्यांनी चौथं आणि पाचवं पान खिडकीपाशी शेजारी शेजारी ठेवलं. पाचव्या फोटोत खड्ड्याचा तळ कोरडा होता. चौथ्यात तळाशी पाणी होतं, आणि काठीचं टोक त्या पाण्यात होतं.

त्या महिन्यात पाऊस एकदाच पडला होता. त्यांना तो विसरणं शक्य नव्हतं. गुरुवारी सकाळी बायकोला हॉस्पिटलात नेलं, तेव्हा अवकाळी सर आली. रिक्षातून दारापर्यंत आठ पावलं होती. त्यांनी तिच्या डोक्यावर फाईलचा पुठ्ठा धरला आणि ती म्हणाली, "कागद भिजवू नका, मी वाळेन." तिथून ती परत आली नाही.

म्हणजे चौथा फोटो काढला गेला तेव्हा ती खाटेवर होती.

त्यांनी श्वास सोडला. बायको दोषातून सुटली होती. दोन पानं आणि एक पाऊस, शुक्रवारी एवढं ठेवलं की पुरे होतं. इथे थांबलं असतं तरी कोणी काही म्हटलं नसतं.

पण फोटोत काठी होती, कापलेली. आणि पानावर कोणीतरी वीस वजा केले होते. साहेबांना ती काठी कापलेली आहे हे माहीत नव्हतं, ठेकेदाराने ती कधी पाहिली नव्हती. ती काठी ऑफिसात राहायचीच नाही. पाच वर्षं ती त्यांच्याच स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होती.

कानवाल्यांनी मान वळवून दाराकडे बघितलं.

५

लेक त्या दिवशी आलीच होती. ती शाळेत शिकवायची. आई गेल्यापासून बुधवारी शाळा सुटल्यावर यायची, भाजी चिरून ठेवायची आणि वडिलांना रागवायची.

"बाबा, सकाळी पाठवलेला डबा तसाच बंद आहे. मी काय भिंतीसाठी स्वयंपाक करते?"

"जेवतो." ते दाराच्या चौकटीत उभे राहिले. "आईची मोजकाठी इथेच असायची ना? ती हॉस्पिटलात होती तेव्हा कोणी मागायला आलं होतं का गं?"

"कोण येणार?" ती चिरता चिरता म्हणाली. "आमच्याच घरी नेली होती यांनी. शुक्रवारी की शनिवारी. ऑफिसात लागते म्हणाले. मीच किल्ली दिली. परत आणून ठेवली की, ती काय तिथे. का?"

"काही नाही. पुसून ठेवावी म्हटलं."

"आता तिला काय पुसायचंय," लेक म्हणाली आणि डोळे कोपराने पुसले. कांद्यावर खापर फोडायची सोय होती.

कानवाले खुर्चीत बसले. जावई त्याच ऑफिसात नकाशे काढायचा. त्याला काम बायकोनेच शिकवलं होतं. पहिल्या दिवशी तो काठीवरचा आकडा तसाच लिहून आला, तेव्हा ती म्हणाली होती, "जावईबापू, जमीन वीस सेंटिमीटर उचललीत की." नंतर वर्षभर घरात तोच विनोद चालला होता.

६

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी जावयाला फोन करून एकट्याला बोलावलं. तो आला तेव्हा टेबलावर तीन पानं होती आणि टेबलाला काठी टेकवलेली होती. जावयाने काठी बघितली आणि चपला न काढताच खुर्चीत बसला. असं तो कधी करत नसे.

"बाबा, मी सांगणारच होतो."

"कधी?"

जावयाने काठी हातात घेतली आणि परत टेकवली.

"पैलवानाची बहीण दारात येऊन गेली," कानवाले म्हणाले. "दोन पायांत दोन चपला. तिला मी काय सांगू?"

जावई बोलायला लागला तो थांबलाच नाही.

"आई खाटेवर पडूनही चार नंबर, चार नंबर करत होत्या. डॉक्टर म्हणाले, यांना झोप हवी. तिकडे साहेब म्हणाले, कोरं पान परत आलंय, भरून दे, नाहीतर मी ताईंना हॉस्पिटलात फोन करतो. कसं भर ते नाही सांगितलं. मी डेपोवाल्याकडे तीनदा गेलो. तो म्हणाला, फाटक अडवलं तर बस तुझ्या अंगावरून काढीन. पाच नंबर अजून उघडा होता. मी उतरलो, फोटो काढला. मला वाटलं, बाकीच्या सहांत एक पाण्याचा पाइप सोडला तर काहीच नाही, इथेही नसेल. आईंना झोप लागेल."

"आकडा मात्र बरोबर वजा केलास."

"सवयीने झालं."

"तारीख?"

"ती मुद्दाम घातली. मी गेलो शनिवारी. बुधवारी आई कामावर होत्या." त्याने तारखेवर बोट ठेवलं. "बाबा, त्यांच्या नावावर येईल असं वाटलं नव्हतं. काही होईल असंच वाटलं नव्हतं."

"ती गेल्यावर सांगता आलं असतं. काम सुरू व्हायला सहा आठवडे होते."

"रोज म्हणायचो, उद्या."

ओरडावं असं कानवाल्यांना वाटलं, पण ते ओरडले नाहीत. कारण त्यांना शनिवार आठवत होता. त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या जिन्यात जावई भेटला होता. म्हणाला, "आईंना सांगा, चार नंबर झाला. काही लागलं नाही." आणि तो निरोप वर घेऊन गेले ते स्वतः.

बायकोने डोळे उघडले होते. "डेपोसमोर काहीच नाही? असं कसं? एवढा मोठा डेपो, त्याला वीज कुठून जाते?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "परत खणायला सांगा."

"सांगतो," ते म्हणाले होते. औषधाच्या गुंगीत माणूस काहीही बोलतो, असं त्यांनी धरलं. बत्तीस वर्षं जमिनीला कान लावणाऱ्याने एवढं एक वाक्य या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. तेव्हा ते त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. जावयालाही नाही. दुसऱ्या भेटीत तिने विचारलं, "सांगितलंत?" ते म्हणाले, "हो." त्या रात्री तिला झोप लागली.

आता त्यांनी हे सगळं जावयाला सांगितलं.

"उद्या दहा वाजता चौकशी आहे," कानवाले शेवटी म्हणाले. "तू तुझं सांग. मी कागद ठेवतो. तू नाही बोललास तर मी बोलेन, पण मला ते करायला लावू नकोस."

"आणि घरी?"

"घरी आज सांग. तिला ऑफिसातून कळता कामा नये. काठी तिनेच किल्ली देऊन तुझ्या हाती दिली आहे."

७

शुक्रवारी चौकशी अधिकाऱ्यांनी टेबलावर तीन पानं मांडून घेतली: कोरं, भरलेलं आणि पाचवं. कानवाल्यांनी दगडाची शीर दाखवली, तळातलं पाणी दाखवलं, हॉस्पिटलात भरती केल्याचा कागद शेजारी ठेवला. काठी उभी धरून तिचं कापलेलं टोकही दाखवलं. साहेबांनी एकदा ती काठी बघितली आणि मग खिडकीबाहेर बघत राहिले.

"म्हणजे ही काठी आणि हा हिशोब माहीत असलेलं माणूस," अधिकारी म्हणाले.

"मी," जावई म्हणाला आणि उभा राहिला.

त्याचं सांगून व्हायला वीस मिनिटं लागली. "साहेबांनी भरून दे म्हटलं," या वाक्यावर साहेब म्हणाले, "खोटं भर असं मी कधी म्हटलं?" अधिकाऱ्यांनी तेही लिहून घेतलं. ठेकेदाराने कोऱ्या पानाचं कबूल केलं. बायकोच्या नावासमोर लाल रेघ मारलेली होती, ती अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर खोडली.

"आणखी कोणाला काही सांगायचंय?"

कानवाल्यांनी "परत खणायला सांगा" हे सांगितलं.

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. "काका, हे तुमच्या घरातलं आहे. हे लिहायची गरज नाही."

"लिहा," कानवाले म्हणाले. "ती म्हणाली होती. कुठेतरी लिहिलेलं असू द्या."

त्यांनी लिहिलं.

जावयाला कामावरून घरी बसवलं आहे, पुढची तारीख लागली आहे. लेक बुधवारी आली नाही. फोन उचलते, "जेवलात का" एवढं विचारते आणि ठेवते. काठी दारामागे परत उभी आहे.

पैलवानाच्या बहिणीकडे जायचं अजून राहिलं आहे. पत्त्याचा कागद कानवाल्यांच्या खिशात आहे.